डोळ्याच्या कॅन्सरचा शेक आणि नंतरची वर्षे

मागच्या पाठात आपण मोतीबिंदूची माहिती वाचली. आजचा पाठ त्याहून थोडा अवघड आहे. पण सावकाश वाचला तर कोणालाही समजेल.

डोळ्यालाही कॅन्सर होतो. त्यावर किरणांचा उपचार करतात. त्या उपचाराने कॅन्सर मरतो. पण त्याच उपचाराने डोळ्याला पुढे काही त्रासही होतात. काही त्रास लगेच होतात, काही दोन-तीन वर्षांनी होतात. लगेच होणारे त्रास सर्वांच्या लक्षात येतात आणि बहुधा बरेही होतात. उशिरा होणारे त्रास गुपचूप येतात, आणि नुकसान तेच जास्त करतात. म्हणून या पाठात उशिराच्या त्रासांवर अधिक लिहिले आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. या उपचाराला कोणी 'शेक' म्हणतो, कोणी 'लाईट' म्हणतो, कोणी 'करंट' म्हणतो. डॉक्टर 'रेडिएशन' म्हणतात. पुस्तकात 'किरणोपचार' असे छापतात. नावे चार, वस्तू एक. यात विस्तवाचा शेक नाही आणि विजेचा झटकाही नाही. किरण अंगात जाताना काहीच जाणवत नाही. चटका बसत नाही, दुखत नाही. आता माणसाचा स्वभाव असा, की जे जाणवत नाही त्याचा परिणामही नसेल असे त्याला वाटते. येथे तसे धरून चालत नाही.

आता डोळ्याची ओळख करून घ्या. समोर काळे-तपकिरी दिसते ते बुबुळ. बुबुळाच्या मधोमध भोक असते, ती बाहुली. बाहुलीच्या मागे भिंग असते. भिंगातून उजेड आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पडतो. त्या भिंतीला आतून एक नाजूक अस्तर असते, त्याला पडदा म्हणतात. पडद्यावर चित्र उमटते, आणि डोळ्याची नस ते मेंदूकडे नेते. पडद्याच्या मधोमध मोहरीएवढी एक जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व कामे ती इवलीशी जागा करते. ही जागा विसरू नका. पुढे तिचे काम पडणार आहे.

डोळ्याच्या आत दोन प्रकारचे कॅन्सर मुख्य आहेत. एक लहान मुलांना होतो. तो पडद्यात होतो, आणि बहुतेक पाच वर्षांच्या आतच दिसून येतो. साधारण सोळा ते अठरा हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. त्याचे नाव रेटिनोब्लास्टोमा. नाव पाठ केले नाही तरी चालेल, खूण मात्र पाठ करा. बाहुली काळी न दिसता पांढरी चमकते. फोटो काढताना लखलखाट होतो, तेव्हा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. कधी मूल तिरळे पाहू लागते. तिरळेपणा भाग्याचा आहे असे म्हणून काही घरांत तिकडे काणाडोळा करतात. ते बरे नव्हे. लहान मुलाचा डोळा नव्याने तिरळा दिसू लागला तर तो डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलाच पाहिजे.

दुसरा कॅन्सर मोठ्या माणसांचा. पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक काळसर थर असतो. त्यातल्या रंगाच्या पेशींपासून तो उठतो. त्याला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या कातडीच्या युरोपीय लोकांत तो जास्त आढळतो, आपल्याकडे क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे.

या दोन्हींवर किरणांचा उपचार फार जुना आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली जर्मनीत रंटगेन यांनी लावला. त्यानंतर आठच वर्षांनी, १९०३ साली, अमेरिकेतील टेक्सास प्रांतात हिल्गार्टनर नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाच्या डोळ्याच्या कॅन्सरवर क्ष-किरणांचा उपचार केल्याचे छापून आले. पुढे लंडनला स्टॅलार्ड नावाचे एक नेत्रशल्यवैद्य झाले. हे गृहस्थ पट्टीचे धावपटू. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटरच्या शर्यतीत त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला होता. डोळ्यावर लांबून किरण सोडण्यापेक्षा किरण देणारी धातूची चकतीच डोळ्याला आणून लावावी, या पद्धतीत त्यांनी मोठे काम केले. त्यांच्या चकतीत कोबाल्ट असे. कोबाल्टचे किरण फार दूरवर जात. गाठ मरे, पण बाकीच्या डोळ्यालाही त्यांचा मार बसे. मग असा धातू शोधणे आले, की ज्याचे किरण थोडेच अंतर जाऊन थांबतील. रुथेनियम हा तसा धातू आहे. त्याचे किरण काही मिलिमीटरच आत जातात. गाठ जाड असेल तर आयोडीनच्या किरण देणाऱ्या दाण्यांची चकती वापरतात.

हा रुथेनियम आपल्या महाराष्ट्रातही तयार होतो, बरे का! मुंबईजवळ तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या टाकाऊ भागातून तेथे रुथेनियम वेगळा काढतात आणि चांदीच्या चकतीत बसवतात. २०२० साली सरकारने ही चकती जाहीर केली. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील नेत्रकेंद्रात ती रुग्णांना लावण्यात आली. त्यापूर्वी अशी चकती परदेशातून आणावी लागे.

चकती साधारण नाण्याएवढी असते, आणि डोळ्याच्या गोलाईप्रमाणे वाटीसारखी वाकलेली असते. भूल देऊन ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, आतल्या गाठीच्या बरोबर मागे, टाके घालून बसवतात. काही दिवस, बहुधा तीन ते सात दिवस, ती तेथे राहते. मग काढून घेतात. तेवढे दिवस रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. लहान मुले व गरोदर बायका यांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. चकती काढली की त्याच्या अंगात किरण मुळीच राहत नाहीत. हे ठासून सांगतो, कारण घरी आलेल्या माणसाचे ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरे आहेत. कॅन्सर शिवल्याने लागत नाही. चकती काढल्यावर किरणही कोणाला बाधत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे.

आता त्रासांकडे वळू.

पहिल्या काही आठवड्यांत डोळा लाल होतो, पाणी गळते, टोचते. चकती बसवताना डोळा हलवणारा एखादा स्नायू बाजूला करावा लागतो. त्यामुळे काही दिवस एकाच्या दोन वस्तू दिसतात. बहुतेकांचे हे आपोआप थांबते. बाहेरून यंत्राने शेक दिला असेल तर पापणीचे केस झडतात, कातडी काळवंडते, आणि अश्रू तयार करणारी ग्रंथी दुबळी होऊन डोळा कोरडा पडतो. कोरड्या डोळ्याला डॉक्टर थेंब देतात. ते थेंब कित्येकांना वर्षानुवर्षे घालावे लागतात. खर्च थोडा असला तरी कंटाळा फार येतो. पण कोरड्या डोळ्याच्या काचेला जखम झाली तर नसते दुखणे ओढवते.

यानंतर एक स्वस्थतेचा काळ येतो. गाठ आकसू लागते. लाली जाते. डोळा दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, "गाठ दबली आहे." रोगी म्हणतो, "सुटलो बुवा!" आणि नेमके येथेच पुष्कळ लोक तपासणीला जायचे सोडतात.

असे उशिरा त्रास का होतात ते समजले पाहिजे. आपले शरीर अगदी बारीक पेशींचे बनलेले आहे. जुनी पेशी मरते, शेजारची पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, आणि जागा भरून निघते. किरण पेशीला जागच्या जागी जाळत नाहीत. ते तिची दुभंगण्याची शक्ती मोडतात. कॅन्सरच्या पेशी घाईघाईने दुभंगत असतात, म्हणून त्या लवकर मरतात. चांगल्या पेशीलाही मार बसलेला असतो. पण ती सावकाश चालणारी. तिची दुभंगण्याची पाळी वर्षा-दोन वर्षांनी येते. तेव्हा तिचे मोडलेपण उघडे पडते.

भिंगाचे उदाहरण घ्या. भिंगाच्या कडेला काही पेशी असतात. त्या जन्मभर नवे धागे तयार करून भिंगात घालतात. किरणांनी बिघडलेल्या पेशी गढूळ धागे तयार करतात. ते भिंगाच्या मागच्या बाजूला साचतात. हाच मोतीबिंदू. तो येतो दोन-चार वर्षांनी. याची फार भीती बाळगू नये. गाठ पूर्ण दबली आहे अशी डॉक्टरांची खात्री झाली, की त्याची शस्त्रक्रिया नेहमीच्या मोतीबिंदूसारखी करता येते. मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला पूर्वी शेक घेतल्याचे आधी सांगितले पाहिजे.

खरा धोका पडद्याला असतो. शेतकरी मंडळींना हे चटकन कळेल. पडदा म्हणजे वावर समजा. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, त्या म्हणजे पाट. पाटाला आतून अस्तर असते. रक्तवाहिनीलाही पेशींचे अस्तर असते. किरणांच्या माराने या अस्तरातल्या पेशी एकेक करून मरतात, आणि त्यांची जागा घ्यायला नवी पेशी येत नाही. मग काय होते? कोठे पाट पाझरू लागतो, आणि वावरात दलदल होते. तशी पडद्यावर सूज येते. ती सूज त्या मोहरीएवढ्या जागेत आली की अक्षरे पुसट होतात, सरळ रेघ वाकडी दिसते. कोठे पाट बुजतो, आणि त्यापुढचे वावर कोरडे पडते. पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो.

उपाशी राहिलेला पडदा गप्प बसत नाही. तो हाकाटी करतो. त्याच्यातून एक रस सुटतो आणि त्या रसामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण त्या असतात घाईत खणलेल्या कच्च्या चारीसारख्या. जरा पाण्याचा जोर आला की फुटल्या! त्या फुटल्या म्हणजे डोळ्याच्या आत रक्त सांडते आणि एकदम अंधारून येते. हीच कच्ची वाहिन्यांची जाळी कधी पुढे बुबुळावर पसरते, डोळ्यातल्या पाण्याची निघून जायची वाट अडवते, आणि आतला दाब वाढतो. हा काचबिंदू फार दुखतो. क्वचित अशा वेळी कॅन्सर बरा झालेला डोळाही काढावा लागतो. नसेला मार बसला तर नजर आणखी वेगळ्या वाटेने जाते. तेथे दुखत काही नाही. नुसते दिसणे कमी होत जाते.

पडद्याचा हा बिघाड बहुधा सहा महिन्यांनंतर सुरू होतो. पहिल्या तीन वर्षांत त्याचा जोर जास्त, पण त्यानंतरही तो होऊ शकतो. गाठ मोठी असेल, किंवा पडद्याच्या मध्याजवळ वा नसेजवळ असेल, तर धोका अधिक. मधुमेह असेल तर आणखी अधिक, कारण मधुमेह हेच पाट आधीपासून खराब करत असतो. रक्तदाबाचेही तसेच.

एका नामांकित माणसाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. ऑलिव्हर सॅक्स हे जन्माने इंग्रज. न्यूयॉर्क शहरात ते मेंदूच्या रोगांचे डॉक्टर होते. रोग्यांच्या हकिकती लिहून ते जगभर गाजले. २००५ सालच्या डिसेंबरात एके दिवशी ते सिनेमाला गेले होते. तेथे उजव्या डोळ्यापुढे त्यांना काहीतरी लखलखताना दिसले. तपासणीत मेलॅनोमा निघाला. गाठ पडद्याच्या मध्याजवळच होती. जानेवारी २००६ मध्ये त्यांना किरणांची चकती लावली. पुढे लेसरचे उपचारही झाले. गाठ दबली. पण त्या डोळ्याची मधली नजर हळूहळू गेली. २००९ साली डोळ्यात रक्तस्राव झाला आणि उरलेली नजरही गेली.

या गृहस्थांना दोन डोळ्यांनी मिळून जी खोली दिसते तिची मोठी आवड होती. असे ठसठशीत चित्र पाहण्याची हौस असणाऱ्यांच्या मंडळाचे ते सभासदही होते. एक डोळा गेल्यावर त्यांना सगळे जग कागदावर काढल्यासारखे सपाट दिसू लागले. जिन्याच्या पायऱ्या नुसत्या रेघा वाटत. उजव्या अंगाने माणूस आला तर दिसत नसे, अंगावर आदळे. हे सारे त्यांनी २०१० साली पुस्तकात लिहून ठेवले. डॉक्टर असून त्यांनी स्वतःचे भय लपवले नाही, हे मला विशेष वाटते. पण हेही वाचा, की त्यानंतर त्यांनी पुस्तके लिहिली, पोहणे सोडले नाही, प्रवास केले. २०१५ सालच्या आरंभी कॅन्सर यकृतात पसरल्याचे कळले, आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. उपचारानंतर त्यांना नऊ वर्षांहून अधिक आयुष्य लाभले.

येथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. नजर गेली ती किरणांनी आणि लेसरने. यकृतात रोग गेला तो किरणांमुळे नव्हे. मेलॅनोमाच्या काही पेशी कधी कधी डोळ्यातली गाठ ओळखू येण्याआधीच रक्तातून निघून गेलेल्या असतात, आणि वर्षानुवर्षे दडून बसतात. म्हणून अशा रोग्याचे डोळ्याबरोबर यकृतही ठराविक मुदतीने तपासतात.

आमच्या रात्रीच्या वर्गात हा पाठ वाचून दाखवला, तेव्हा मागच्या ओळीतले एक काका म्हणाले, "गुरुजी, मग एवढा खटाटोप कशाला? नजर जाणारच असेल तर डोळाच काढून टाकावा. एकदाचं मोकळं व्हावं."

प्रश्न रास्त आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो पडला होता. १९८७ ते १९९८ या काळात अमेरिका व कॅनडा येथे मध्यम आकाराच्या गाठीचे १,३१७ रोगी घेऊन याची परीक्षा झाली. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे निवड करून निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांना आयोडीनची चकती लावली. बारा वर्षे हिशेब ठेवला. दोन्हीकडे जगण्या-मरण्यात फरक आढळला नाही. म्हणजे डोळा ठेवला म्हणून माणूस लवकर मेला असे झाले नाही. पण नजरेचा हिशेब काय सांगतो? चकती लावलेल्या शंभरांतल्या साधारण त्रेचाळीस जणांची त्या डोळ्याची नजर तीन वर्षांनी ६/६० किंवा त्याहून कमी राहिली होती. म्हणजे चांगल्या डोळ्याला जे साठ मीटरवरून वाचता येते ते यांना सहा मीटरवर येऊन वाचावे लागे. यांतल्या काहींची नजर गाठीमुळे आधीच अधू होती, हेही खरे.

काकांना मी एवढेच म्हणालो, "शंभरांतल्या त्रेचाळीसांची नजर गेली, तशी सत्तावन्नांची त्याहून बरी राहिली. त्यांना विचारा. आणि अंधुक का होईना, कडेने म्हैस येताना दिसली तर तेवढंही पुष्कळ असतं."

त्यावर एक बाई म्हणाल्या, "पण हे आधी सांगतं का कोण?"

सांगणे हे डॉक्टरांचे कामच आहे. पण दवाखान्यात गर्दी असते, आणि कॅन्सर हा शब्द कानावर पडला की पुढचे शब्द डोक्यात शिरत नाहीत. म्हणून सोबत कोणी वाचता येणारे न्यावे आणि विचारावे. गाठ पडद्याच्या मध्यापासून किती दूर आहे? नसेपासून किती दूर आहे? नजर किती राहण्याचा संभव आहे? एवढे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले तरी पुरे. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी विचारावे.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि अधिक नाजूक आहे. पूर्वी पुष्कळ वर्षे त्यांच्या डोळ्यांना बाहेरून यंत्राने शेक देत. त्याने असंख्य मुलांचे प्राण वाचले, काहींची नजरही राहिली. पण मूल वाढते असते. किरण लागलेले हाड नीट वाढत नाही. पुढे कानशील बसलेले, डोळ्याची खोबण लहान, असा चेहरा राहतो. शाळेत अशा पोरांना इतर पोरे चिडवतात. मास्तरांनी तिकडे लक्ष द्यायला हवे.

याहून गंभीर गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात नंतर आली. काही मुलांत या रोगाचे बीज जन्मतःच अंगातल्या प्रत्येक पेशीत असते. दोन्ही डोळ्यांना रोग झालेली मुले बहुधा यांतलीच. अशा मुलांना मोठेपणी हाडाचा किंवा मांसाचा दुसरा कॅन्सर होण्याचा धोका मुळातच असतो. बाहेरून शेक दिला की जेथे किरण लागले त्या भागात हा धोका आणखी वाढतो. वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत शेक दिला असेल तर फारच. हे कळल्यावर १९९० नंतरच्या काळात डॉक्टरांनी वाट बदलली. आता मुलांना आधी औषधाची सलाईन देऊन गाठ लहान करतात, मग लेसरने किंवा गोठवून ती मारतात. जरूर पडली तर लहानशी चकती लावतात. बाहेरचा शेक अगदी नाइलाज झाला तरच. आणि कधी कधी मुलाचा जीव वाचवण्यासाठी डोळाच काढणे हा सर्वांत चांगला उपाय असतो. त्या वेळी आईबापांनी घरी पळून येऊ नये. हा रोग डोळ्याबाहेर पडण्याआधी उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात.

ज्यांना लहानपणी असा शेक मिळाला ते आज तिशी-चाळिशीत असतील. त्यांनी ही गोष्ट आपल्या डॉक्टरला सांगून ठेवावी. चेहऱ्यावर किंवा कानशिलाजवळ नवी गाठ आली, नाकातून वरचेवर रक्त येऊ लागले, तर घरगुती लेप लावत बसू नये. त्यांची स्वतःची मुले जन्मल्यापासूनच डोळ्याच्या डॉक्टरकडे तपासून घ्यावीत, कारण रोगाचे बीज पुढच्या पिढीत उतरू शकते.

आता उशिराच्या त्रासांवर काय इलाज आहेत ते पाहू. पडद्याला सूज आली किंवा कच्च्या वाहिन्या फुटू लागल्या, तर डोळ्याच्या आत औषधाचे इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो! पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, आणि टोचणे क्षणाचे असते. उपाशी पडद्यातून सुटणाऱ्या त्या रसाला हे औषध अडवते. हाकाटी थांबते, सूज उतरते. एका इंजेक्शनाने भागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा द्यावे लागते. याने बिघाड मुळापासून जात नाही, पण नजर जाण्याचा वेग कमी होतो, आणि काहींची नजर पुष्कळ दिवस टिकते. कोठे लेसरही मारतात. एक गोष्ट मात्र पक्की. पडद्याचा जो भाग मेला तो परत जिवंत होत नाही. म्हणून बिघाड लवकर सापडण्याला किंमत आहे. पहिली खूण डॉक्टरला यंत्रातून दिसते. रोग्याला ती पुष्कळ उशिरा दिसते. दिसायला चांगले असतानाच तपासणीला जायचे ते याचसाठी. पहिली काही वर्षे डॉक्टर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरी स्वतः पाहावे. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असतेच. चष्मा असेल तर तो घालून रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहावे. चांगला डोळा तळहाताने झाकावा. दाबू नये, नुसता झाकावा. मग शेक घेतलेल्या डोळ्याने तारखांचे चौकोन पाहावेत. रेघा सरळ दिसतात का? कालच्याएवढ्याच तारखा वाचता येतात का? मधोमध डाग किंवा धुके नाही ना? झाकल्याशिवाय हे कळत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा आजारी डोळ्याची उणीव भरून काढतो आणि माणूस फसतो. रेघ वाकडी दिसली तर दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठावा. डोळा ठणकला, किंवा एकदम काळे जाळे पसरले, तर त्याच दिवशी निघावे.

साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा. तंबाखू, विडी बंद करावी.

शेक घेतल्याचे कागद जपून ठेवावेत. कोणत्या डोळ्याला, कोणत्या साली, चकती की बाहेरचा शेक, किती दिवस, एवढे त्यात असते. गाव बदलले, डॉक्टर बदलला तरी तो कागद पाहून पुढच्या डॉक्टरला दिशा कळते. कागद पत्र्याच्या पेटीत, औतांच्या पावत्यांबरोबर ठेवला तरी हरकत नाही. मात्र घरातल्या दुसऱ्या एकाला ती जागा ठाऊक असावी.

तपासणीला मुंबई-पुण्यास जायचे तर भाड्याचा प्रश्न येतो. कॅन्सरच्या रोग्याला व त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. त्यासाठी ठराविक नमुन्याचा दाखला लागतो. तो रुग्णालयात भरून, सही-शिक्का घालून देतात. पुढची तारीख घेताना त्याच खिडकीवर तो मागून घ्यावा.